अक्काच्या वहीतलं चिकटलेलं पान

माणूस गेला की त्याच्या डोक्यात भरलेलं सगळं कुठं जातं?

मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी घड्याळ बघितलं. भटजींना विचारलं, त्यांनी दर्भ मागितला. काकांना विचारलं, तर म्हणाले, "आधी चार घास खा." आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही. पण त्या प्रश्नापायी मी कुंभकोणममध्ये जो घोळ घातला ना... हातातली कॉफी आधी खाली ठेवा. अंगावर सांडेल.

माझी अक्का घरच्या ओसरीवर शिकवणी घ्यायची. अकरा मुलं, सगळी सहावीची. मी तिच्या पाठचा. आठवी नापास, हॉटेलात तव्यावर उत्तप्पे टाकतो. अक्काला मेंदूचं वेड! मुलं शिकतात कशी, विसरतात का, यावर डॉक्टर लोकांची भाषणं ती फोनवर ऐकायची आणि वहीत लिहून ठेवायची. तेही मराठीत. गल्ली सगळी तमिळ, घरात तेवढी आमची जुनीपुराणी मराठी. म्हणायची, "ही वही कुणी चोरून वाचणार नाही. वाचू शकशील तो तू एकटा, आणि तू कशाला वाचतोस?"

मग तिला ताप आला. आठ दिवस. आणि अक्का गेली.

दहाव्या दिवशी कावेरीच्या घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. तासभर! काकांनी सगळं कबूल करून पाहिलं. आईला सांभाळू, तुझी सायकल विकणार नाही, काय काय! कावळा आपला फांदीवर मान वाकडी करून बसलेला. गृहपाठ न केलेल्या मुलाकडे अक्का बघायची ना, अगदी तसा. मला राहवलं नाही. मी ओरडलो, "अक्का, परीक्षेपर्यंत तुझी शिकवणी मी चालवीन!"

झप! कावळा खाली.

काकांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबू, तू आठवी नापास आहेस हे त्या कावळ्याला तरी सांगायचंस!"

झालं! शब्द गेला. परीक्षेला महिना उरलेला आणि मुलांचे आईबाप मोठ्या क्लासची चौकशी करत होते. मी घरोघर जाऊन हात जोडले. "आठवडाभर बघतो," म्हणाले. ती अकरा मुलं गेली असती तर अक्काचं म्हणून ओसरीवर काय उरलं असतं? एक फळा आणि एक झाडू.

मी वही उघडली. पहिल्याच पानावर लिहिलेलं, 'शिकल्यावर झोप हवी. मेंदू झोपेत धडा आवरून ठेवतो.'

अहो, झोप! हा एकच विषय असा की ज्यात मी कायम पहिला!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मुलांकडून अपूर्णांकांचा धडा एकदा मोठ्यानं वाचून घेतला आणि म्हटलं, "आडवे व्हा." अकराच्या अकरा ओळीनं चटईवर. पंख्याचा वारा तोंडावर यावा म्हणून पाय केले दक्षिणेला. डास फार, म्हणून काकांच्या आणि माझ्या पांढऱ्या वेष्ट्या, म्हणजे इकडच्या लुंग्या, काढून डोक्यापासून पायापर्यंत पांघरल्या. डासांसाठीच उदबत्त्या लावल्या. अक्काच्या फोटोपुढं दिवा होताच. आणि मी, ताजं मुंडण केलेला, त्यांच्या उशाशी मांडी घालून अपूर्णांक संथ सुरात पुटपुटत बसलो. धडा नीट आवरला जावा म्हणून!

आता तुम्हीच सांगा, रस्त्यावरून हे कसं दिसलं असेल?

तेवढ्यात अकरातल्या सेल्वीची आई आली. देवळापाशी फुलं विकते. अक्काच्या फोटोला मोगऱ्याचा हार घेऊन आलेली. तिनं ओळ बघितली. हार खाली पडला.

"अय्यय्यो! माझी सेल्वी!"

मुलं जागी होतील म्हणून मी ओठांवर बोट ठेवलं. "श्श! काही त्रास दिला नाही हो कुणी. अर्ध्या तासात एकेक करून सगळी शांत."

"कुणी केलं हे?"

"अक्कानंच सांगितलंय असं करायला."

बाईनं हंबरडा फोडला. गल्ली गोळा झाली. शेजारची आजी छाती बडवायला लागली. दूधवाला सायकल टाकून पळाला. आणि त्या गोंधळात वेष्टीसकट सेल्वी ताडकन उठून बसली. "अम्मा, ओरडू नकोस ना! धडा आवरला जातोय!"

तिघांनी ओसरीवरून थेट गटारात उड्या मारल्या.

पुढचं काय सांगू? मुलांना दंडाला धरून नेलं. ओसरी रिकामी. मी वही उचलून भिंतीवर आपटली, तर कॉफी सांडून चिकटलेली दोन पानं सुटली. आत लिहिलेलं, 'झोप रात्री, आपापल्या घरी.' आणि खाली, 'शिकलेलं दुसऱ्याला समजावलं की डोक्यात पक्कं बसतं. समजून घेणारा जितका मठ्ठ तितका फायदा. आमच्या बाबूसारखा मिळाला तर सोनंच!'

चारदा वाचलं. असती तर कडाक्याचं भांडलो असतो.

तसाच वही घेऊन सेल्वीच्या आईकडे धावलो आणि ते पान तमिळमध्ये सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्याइतका मठ्ठ मोठ्या क्लासात मिळणार नाही?"

"अख्ख्या कुंभकोणमात मिळणार नाही!"

ती हसली. सेल्वी परत आली, मागोमाग बाकीची दहा. मग महिनाभर मी चटईवर आणि हातात पट्टी घेतलेली मुलं फळ्यापाशी. "अण्णा, उत्तप्पा कापायला येतो, मग हे का येत नाही?" मी रोज हॉटेलातून उत्तप्पे न्यायचो. मुलं तुकडे करून दाखवायची, आणि खायचीही तीच.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सेल्वीनं विचारलं, "अण्णा, चारातले तीन तुकडे जास्त की सहातले पाच?"

आणि मला उत्तर येत होतं! देवाशपथ! चार भाग केले की तुकडा मोठा, सहा केले की लहान. म्हणजे चारातले तीन जास्त! आयुष्यात पहिल्यांदा उत्तर जिभेवर आलेलं. पण मी बोललो तर ही समजावणार कुणाला? अक्कासाठी गिळलं. जमेल तितका मठ्ठ चेहरा केला. "नाही समजलं गं."

सेल्वीनं उसासा सोडला. "राहिलेलं बघू नका, अण्णा. गेलेला तुकडा बघा. इथं चौथा भाग गेला, तिथं नुसता सहावा. ज्याचं कमी गेलं, त्याचं जास्त राहिलं. सहातले पाच जास्त!"

मी फोटोकडे बघायचं टाळलं.

"परत सांग," म्हटलं. आणि मग अकराही जणांकडून एकेकदा समजावून घेतलं. मठ्ठ चेहरा करावा लागला नाही.