दत्तारामची शेवटची चकती

स्वातंत्र्यानंतर लवकरच माझी पोस्टिंग कल्याणला झाली. मी लान्स नाईक होतो. घर ठाण्यात, खोपटला, म्हणून आई खूश होती.

महायुद्धाच्या काळात उडत्या विमानावर नेम धरायला शिकवताना हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या गनर्सकडून फोडून घेत. युद्ध संपलं आणि त्या सरावाची स्पर्धा झाली. पण बंदूक ऑफिसरांच्या हातात असे. जवानांनी फक्त चकती उडवणारं ट्रॅप मशीनचा लीव्हर ओढायचा. आमच्या मेजरसाहेबांनी पहिल्यांदा जवानांची टीम काढली. तिच्यात सर्वांत चांगला नेम नाईक दत्ताराम सावंतचा. गाव कोकणात, घरी एकटी आई. बोलणं कमी.

शहाडजवळ नदीकाठी आमची रेंज होती. रेंजच्या पलीकडे सिंधहून आलेल्या निर्वासितांची छावणी.

ऑफिसरांच्या टीमशी फायनल सकाळी सातला सुरू झाली. साडेआठला दोन्ही टीम बरोबरीत होत्या. दत्तारामची एकच चकती उरली होती. ती फुटली की कप आमचा, आणि पुढच्या स्पर्धेला प्रथमच जवान जाणार; बरोबरी राहिली तर कप आधीच्या विजेत्यांचा, म्हणजे ऑफिसरांचा. ट्रॅपवर मी होतो.

"पुल!" दत्तारामने चकती सोडायची हाक दिली.

मी लीव्हर ओढला. चकती उडाली. दत्तारामने बंदूक खांद्याला लावली आणि लगेच खाली घेतली.

"समोर माणूस!"

धोक्याच्या लाल झेंड्यापलीकडच्या झुडपांत एक म्हातारी कान दाबून जमिनीवर पडली होती. जवळ सरपणाची मोळी.

"नो बर्ड," रेफ्री म्हणाले; म्हणजे ही चकती मोजायची नव्हती. "तिला बाजूला घ्या. सावंत, पुन्हा घे."

दत्तारामने काडतुसं काढली, बंदूक उघडी करून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे गेला. पाठोपाठ मी. तो तिच्यापासून चार हातांवर खाली बसला.

"यहाँ भी?" तिने पडल्या पडल्याच विचारलं.

"नहीं, अम्मा. खेल है." त्याने खिशातली चकती तिच्या हातात दिली.

तिने ती उलटसुलट केली. "बस, मिट्टी?"

"बस, मिट्टी."

मी हळूच म्हटलं, "दत्ताराम, एकच राहिलीय रे."

"मोरे, ती आत्ता कुठे शांत झाल्येय. आता आवाज नको."

रेफ्रींनी दोन मिनिटं वाट पाहिली आणि 'लॉस्ट', म्हणजे चकती हुकली, असं दिलं. आम्ही हरलो. मेजरसाहेब एवढंच म्हणाले, "कॅरी ऑन, सावंत." मी मात्र त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही.

त्यानंतर प्रत्येक फायरिंगच्या आधी तासभर दत्ताराम छावणीत जाऊन आवाज होणार असल्याचं सांगून यायचा. म्हातारी त्याला चहा पाजायची.

पुढे त्याची बदली काश्मीरला झाली. तिथे गस्तीवर असताना तो मारला गेला. बातमी आली त्या संध्याकाळी मी छावणीत गेलो. म्हातारीने त्याच्या आईचा पत्ता विचारला. मराठी तिला येत नव्हती. ती हिंदीत सांगत गेली, मी मराठीत लिहीत गेलो.

"बहीण, तुमच्या मुलाने माझ्यासाठी बंदूक खाली ठेवली होती. त्या दिवसापासून मला झोप येते."