न पडलेला कौल

देव आहे की नाही, या वादात मी कधी पडलो नाही. भालकीजवळच्या साखर कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून काढली आणि फिटरला असले वाद परवडत नाहीत. गळतंय तर बांधायचं, झिजलंय तर बदलायचं. आमचा घरचा देव खंडोबा. शेजारपाजारचे कानडी बोलणारे त्यालाच मल्लण्णा म्हणतात, आमच्याही तोंडी तेच बसलंय. वर्षातून एकदा त्याच्या माळावर जायचं, भंडारा उधळायचा, घराण्याचा मान पार पाडायचा आणि परत कामाला लागायचं, एवढाच आमचा संबंध. त्यामुळं खरोखर त्याच्या दारात उभं राहायची वेळ आली तेव्हा काय मागावं हेच मला कळेना.

झालं असं, की मुतखड्याची कळ आली म्हणून बीदरला सोनोग्राफी करायला गेलो. खडा बारीक होता, पण तपासणारे डॉक्टर खड्यावर थांबेनात. पोटाच्या मधोमध यंत्र फिरवत ते पुन्हा पुन्हा एकाच जागी यायला लागले. काळजापासून खाली येणारी मुख्य रक्तवाहिनी एका जागी फुगली आहे, म्हणाले. हैदराबादला दाखवा, उशीर करू नका. माझा मुलगा सतीश तेव्हा हैदराबादला एका कॉम्प्युटर कंपनीत नुकता लागला होता. त्यानंच तिथल्या मोठ्या डॉक्टरची वेळ घेतली.

ते डॉक्टर बोलायला सरळ होते. ही फुगवटी एका मापाच्या पुढं गेली की ऑपरेशन करावंच लागतं, तुमची अजून त्या मापाच्या अलीकडं आहे, असं त्यांनी हिंदीत समजावलं. शिवाय बिड्यांनी तुमची छाती पार बिघडवून ठेवली आहे. आज पोट उघडलं तर रक्तवाहिनी मी नीट करीन, पण तुमचा श्वास साथ देईल की नाही याची मला धास्ती आहे. माझं ऐकाल तर थांबा. बिडी बंद, रक्तदाबाची गोळी रोज, जड उचलायचं नाही, झटका द्यायचा नाही, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. पोटात किंवा पाठीत एकदम जोराची कळ आली तर मात्र जवळच्या दवाखान्यात धावायचं. "आणि मधेच फुटली तर?" असं सतीशनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता तो धोका कमी आहे, पण अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. दोन्ही रस्ते मोकळे आहेत, विचार करून सांगा.

त्या 'फुटली तर'नं माझी झोप उडवली. मी वाफेच्या पाइपांत आयुष्य घालवलेला माणूस. फुगलेला पाइप काय करतो ते मी डोळ्यांनी पाहिलेलं. बसलो की हात पोटावर जायचा. बेंबीच्या वर आत काहीतरी ठोके द्यायचं आणि मी ते दाबून बघायचो, वाढलंय का, कडक झालंय का. शिंक आली तरी घाबरायचो. आमची मंडळी, शांता, हळूच माझा हात बाजूला करायची. तिचं म्हणणं, डॉक्टर थांबा म्हणतात तर थांबावं. सतीश म्हणायचा, आप्पा, एकदाचं काढून टाकू. मीही त्याच्याच बाजूचा. पोटात असलं काही घेऊन रोज सकाळी उठायचं, याच्यापेक्षा सुरी बरी वाटत होती. सतीशनं सोमवारी भरती व्हायचं ठरवूनही टाकलं.

शांता रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "जायचं तर जावा. पण आधी मल्लण्णाला कौल लावा."

म्हणून रविवारी आम्ही माळावरच्या देवळात गेलो. यात्रेचा दिवस होता. भंडाऱ्यानं पायऱ्या पिवळ्या झाल्या होत्या, हलगी वाजत होती. कौल लावायची आमच्याकडची रीत साधी आहे. पुजारी देवाच्या अंगावर उजवीकडं एक आणि डावीकडं एक अशी फुलं ओल्या हातानं चिकटवतो. आपण मनातली गोष्ट सांगायची आणि हात जोडून बघत राहायचं. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. माझ्या आजोबांच्या काळात मेंढरं कुठल्या रानात न्यायची हे सुद्धा असंच ठरायचं.

पुजारीअप्पांनी विचारलं, "काय मागणं हाय?" मी म्हणालो, "उजवा पडला तर उद्याच ऑपरेशनला जातो. डावा पडला तर पुढच्या सोमवारी."

शांतानं माझ्याकडं वळून बघितलं. "अवो, मग डावा पडला तरी ऑपरेशनच की! देवाला इचारायलाव का सांगायलाव?"

मागचे चार लोक हसले. मला राग आला, पण तिचं खरं होतं. मी देवालाही फिटरसारखं बजावायला आलो होतो. तरी हट्टानं तसाच उभा राहिलो. दोन्ही फुलं तशीच. हलगीचा एक फेर झाला, दुसरा झाला, दगडावरचं पाणी वाळत आलं, तरी एकही पाकळी हलेना. मागं रांग वाढली. शेवटी पुजारीअप्पा म्हणाले, "अण्णा, देव बोलंना गेलाय. जरा भाईर बसा. पडलं की हाक मारतो."

सभामंडपातल्या खांबाला टेकून बसलो. देवानंही तोंड फिरवलं असं वाटलं. पोटातला ठोका मात्र हलगीच्या वर ऐकू येत होता.

तेवढ्यात लंगराची वेळ झाली. लंगर म्हणजे लोखंडी साखळी. खांबाच्या कड्यात तिचं एक टोक अडकवतात, आणि देवाचं नाव घेऊन मानकऱ्यानं ती एका हिसक्यात तोडायची. हा मान आमच्या घराण्याचा. वडील गेल्यापासून दर वर्षी मीच तोडत आलेलो. माझा चुलतभाऊ माणिक साखळी घेऊन समोर आला, "चला अण्णा, लोक थांबलेत."

माझ्या दुखण्याचं आम्ही गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. शांता बायकांच्या रांगेत, लांब. डॉक्टरांचं 'झटका द्यायचा नाही' मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. पण इतक्या लोकांसमोर नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि धडधाकट दिसणाऱ्या माणसाचं असलं कारण कोण मानणार? यंदा जोर राहिला नाही म्हणतील. एकच हिसका तर द्यायचा, असं मी मनाशी म्हणालो. तेव्हा मी खरोखरच उठायला गुडघा टेकला होता.

आणि कुणीतरी माझ्या कुशीत एक कोकरू ठेवलं.

वर बघितलं तर एक म्हातारी. अंगावर काळं घोंगडं, कपाळभर भंडारा, ओळखीची नव्हे. "जरा धर रे लेका," म्हणाली, "देवाला सोडायला आणलंय. मी आत जाऊन येते. खाली ठिवलं तर कुत्री सोडायची न्हाईत."

"आजी, मला लंगराला बोलवायलेत," मी म्हणालो.

"तोडायला रग्गड माणसं हाईत. धरायला कोण दिसंना म्हणून तुला देऊलाले." कोकरू बावरून पाय झाडत होतं. मी ते घट्ट आवळलं तसं तिनं माझ्या मनगटावर चापट मारली. "दाबू नको. सोडू बी नको. नुसतं धरून बस. आपोआप गप होतंय."

ती रांगेत शिरली. माणिक साखळी घेऊन तसाच उभा. देवाचं जनावर ज्याच्या मांडीवर असेल त्याला उठवायचं नाही, हा आमच्या धनगरांतला जुना रिवाज. माणिकला तो ठाऊक होता, मलाही होता. तो क्षणभर घुटमळला, मग म्हणाला, "मग यंदा मी बघतो, अण्णा." मी मान हलवली.

माणिक माझ्यापेक्षा तरुण, अंगानं दणकट. पण साखळी यंदा नवी होती. पहिल्या हिसक्याला तुटली नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या वेळी त्यानं पोट आत ओढून, दात आवळून हिसका दिला तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्या. कडी तुटली, येळकोटाचा गजर झाला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्या साखळीला मी हात घातला असता तर आज हे सांगायला राहिलो असतो का, मला माहीत नाही.

कोकरू तोवर शांत झालं होतं. त्याच्या पोटाची धडधड माझ्या पोटाला लागत होती, भरभर पण न घाबरता. लहानपणी आजोबांच्या कळपात मी अशी कोकरं तासन्‌तास मांडीवर घेऊन बसायचो. कारखान्यात लागल्यावर ते सगळं सुटलं. किती वेळ गेला कळलं नाही. नंतर ध्यानात आलं, की कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच मी माझ्या पोटावर हात नेला नव्हता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही, कारण हात मोकळे नव्हते.

म्हातारी बाहेर आली, कोकरू उचललं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "कुठल्या गावच्या, आजी?" मी विचारलं. "हितलीच की," म्हणाली आणि गर्दीत गेली. पुढं मी आसपासच्या सगळ्या वाड्या-तांड्यांवर विचारून पाहिलं. मेंढरंवाले एकमेकांना ओळखतात, पण तिला ओळखणारं कुणी भेटलं नाही. लांबून कुठून तरी आली असेल. मी त्यावर जास्त बोलत नाही.

आत गेलो तर फुलं अजून तशीच होती. दुपारच्या पूजेला ती काढावी लागतात. पुजारीअप्पांनी दोन्ही फुलं काढून माझ्या ओंजळीत ठेवली. "घ्या अण्णा. आज देवाला घाई न्हाई."

देवळाबाहेर आधी माणिकला सगळं सांगितलं. "आन्‌ तरीबी उठायलातास? कामून सांगितलं न्हाईस?" म्हणून त्यानं मला भर यात्रेत शिव्या घातल्या, मग गळ्यात पडून रडला. तिथूनच सतीशला फोन लावला. तो भडकला. "आप्पा, आता डॉक्टरला काय सांगू मी?" मी म्हणालो, "सांग, त्यांचंच ऐकायचं ठरलंय. बाप दर सहा महिन्याला दाखवायला येतोय." शांता शेजारी उभी होती. तिनं फुलं तेवढी पदराच्या गाठीत बांधून घेतली.

थांबणं सोपं नव्हतं, हे सांगायला पाहिजे. बिडी सुटता सुटेना. तपासणीच्या आधीचा आठवडा तर घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. पण मला माझंच काम आठवायचं. ऐन हंगामात एखादा पाइप पातळ झालेला दिसला तर आम्ही लगेच कारखाना बंद करत नव्हतो. त्याला पट्टा बांधायचो, दाब कमी ठेवायचो, प्रत्येक पाळीला हात लावून बघायचो आणि हंगाम संपल्यावर बदलायचो. लोखंडासाठी माझ्याकडं एवढी सबुरी होती, स्वतःसाठी तेवढीही नव्हती. शेवटी बिडी सुटली, तसा हळूहळू दम सुधारला. सकाळी भालकीच्या रस्त्यानं चालायला लागलो.

दोन-अडीच वर्षांनी एका तपासणीत फुगवटी मापाच्या पुढं गेलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, आता वेळ आली. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण हट्ट नव्हता. शांतानं विचारलं, "कौल लावायचा का?" मी म्हणालो, "तो तवाच मिळालाय." भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून मान डोलावली, तेव्हा मला त्या वाट बघण्याचा अर्थ कळला. आत नेताना डोळे मिटले आणि मनात एवढंच म्हणालो, मल्लण्णा, आता तू धर. शुद्धीवर आलो तेव्हा शांता उशाशी होती आणि तिच्या पदराला ती वाळलेल्या फुलांची गाठ होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. लंगराचा मान माणिकच्या घरात गेला तो गेला, त्याचं मला वाईट वाटत नाही. मी यात्रेला त्याच खांबाला टेकून बसतो. जे देवावर सोडायचं ते सोडताना आपले हात रिकामे होत नाहीत, एवढं मला मल्लण्णानं शिकवलं, आणि त्याचे उपकार मी विसरणार नाही. यंदा एका परक्या बाईनं दर्शनाला आत जाताना आपलं तान्हं मूल माझ्यापुढं केलं, "अण्णा, जरा धरा." ते पाय झाडत जोरात रडायला लागलं. मी दाबलं नाही, सोडलंही नाही. नुसता धरून बसलो. थोड्या वेळानं ते आपोआप गप्प झालं.