कागदाच्या पाठीमागचा कंदील

साल त्रेसष्ट. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत. पुढे गुरुजीनं मारलं आणि मी गेलो नाही, घरच्यांनी किती सांगितलं तरी गेलो नाही. गॅसबत्त्या आणि कंदील भाड्यानं द्यायचा माझा धंदा. लग्न असो, कीर्तन असो, देऊळघाटच्या आसपास बत्ती माझीच पेटायची. यात बढाई नाही. दुसऱ्या कोणाकडे बत्त्या नव्हत्याच.

आमच्या गावात गणपतीत गाण्याचं नाटक व्हायचं. वाजवायला देऊळघाटचे क्लॅरिनेटवाले मास्तर यायचे. मुसलमान माणूस, एरवी लग्नात बँड वाजवायचे, पण आमच्या नाटकातली बैठक त्यांची ठरलेली. त्यांच्या आधी त्यांचे वडील त्याच जागी बसत. दरवर्षी तेच नाटक, तीच गाणी, सगळं पाठ. त्या साली मात्र मंडळानं नवं नाटक घेतलं. चाली मास्तरांनीच बांधल्या, आणि नव्या चाली या वयात डोक्यात राहत नाहीत म्हणून कागदावर उतरवल्या. सा रे ग म, कुठं वर टिंब, कुठं खाली टिंब, मधे उभ्या रेघा. चष्मा दोरीनं कानाला बांधलेला.

रंगीत तालमीला मी बत्ती टांगली ती नेहमीसारखी, वाजवणाऱ्यांच्या डोक्यावर. शेजारी कडुलिंबाचा डहाळा बांधला, म्हणजे पावसाळ्यातले किडे त्याच्यावर बसतात. पण पांढरा कागद दिसला की थोडे खाली उतरतातच. मास्तर वाचायला पुढं वाकले की त्यांच्या टोपीची सावली कागदावर, मागं सरकले की अक्षर दिसेना. दुसऱ्याच गाण्यात ते थांबले.

"काय झालं मास्तर?" मंडळाच्या अध्यक्षानं विचारलं. अध्यक्ष म्हणजे गावातला किराणा दुकानदार.

"इथं सा वर टिंब हाय का किडा बसला हाय, समजून नाही राह्यलं." मास्तरांनी अंगठ्यानं पुसून पाहिलं. "किडाच होता."

सगळे हसले, मास्तरही हसले. अध्यक्ष हसला नाही. त्यानं मला बाजूला घेतलं.

"मास्तरचे डोळे गेले बे. परवा नाटकात असंच थांबले, तर पुढच्या साली खामगावची बँडपार्टी सांगतो."

"डोळे नाही गेले. उजेड चुकीचा पडून राह्यला."

"उजेड तुहाच हाय ना?"

"हाव, माहाच हाय. म्हणून तर सांगून राह्यलो."

बोललो खरा, आता निभावणं आलं. दुसऱ्या दिवशी अंगणात कागद धरून पाहिलं. कंदील समोर ठेवला तर उजेड डोळ्यांत. माझ्या पाठीमागं ठेवला तर माझ्याच अंगाची सावली. बाजूला ठेवला तर बघणाऱ्या लोकांच्या तोंडावर झगझग, ते शिव्या देणार. उरली फक्त कागदाची पाठ. मोहरमच्या ताबुतात आतून दिवा लावतात, तेव्हा वरचा कागद कसा उजळतो, ते लहानपणापासून पाहिलेलं. मी घासलेटचा डबा घेतला, त्याची एक बाजू कापली, आत कंदील ठेवला आणि कापलेल्या बाजूला कागद अडकवायला बांबूच्या कामट्यांची चौकट केली. उजेड आरपार यावा म्हणून मास्तरांच्या सगळ्या कागदांना जवसाचं तेल लावून वाळत घातले. विचारलं कोणाला नाही. उजेडाच्या कामात मी कोणाला विचारत नसे.

नाटकाच्या दिवशी दुपारी मास्तर माझ्या घरी डबा बघायला आले. मी दार लावून अंधार केला, कंदील पेटवला, कागद अडकवला. मास्तर चष्मा सावरत वाकले.

"भाऊ, हे दोन गाणे एकमेकाच्या अंगावर चढले की!"

मास्तरांनी कागद वाचवायला दोन्ही बाजूंनी लिहिलं होतं. पाठीमागचं गाणं उलटं होऊन पुढच्यात शिरलं होतं.

"दोन्हीकून लिहायले सांगितलं कोणं?" मी म्हणालो.

"अन् तेल लावायले कोणं सांगितलं?"

तेल काही निघत नव्हतं, आणि दिवस बुडाला की पडदा उघडणार होता.

मी उठलो, अध्यक्षाच्याच दुकानातून पांढरा पतंगी कागद आणला. त्यातून उजेड तसाच येतो, तेल लागत नाही. शाई त्याच्यावर फुटते, म्हणून जाड शिसपेन्सिल घेतली. मास्तर ओट्यावर उन्हात कागद डोळ्याशी धरून एकेक सूर सांगू लागले आणि मी लिहू लागलो. एका बाजूनंच. सात अक्षरं तर होती, दुसरीवाल्याला तेवढी पुरतात. पण माझं अक्षर मोठं. एका पानाचं गाणं चार पानांवर जायला लागलं.

"भिंतीवर लिहून राह्यला का भाऊ?"

"मले लहान येत नाही."

मास्तरांनी मी लिहिलेलं एक पान उचललं, हात लांब करून धरलं, आणि चष्मा कपाळावर सारून भराभर वाचलं.

पानं फार झाली, ती उलटायला वाजवणाऱ्याचा हात मोकळा नसतो. म्हणून नाटकात मी डब्याच्या बाजूला खाली बसलो. मास्तरांनी हनुवटी हलवली की पान ओढून पुढचं अडकवायचं. अध्यक्ष पहिल्याच रांगेत, डोळे मास्तरांवर. तालमीत अडलं होतं ती जागा आली. मास्तर वाकले नाहीत, थांबले नाहीत, सूर सरळ निघून गेला. पुढं एका गाण्यात मला पान ओढायला उशीर झाला. मास्तरांनी तीच ओळ पुन्हा वाजवली, गाणाऱ्यानं पुन्हा म्हटली, आणि लोकांना ती इतकी आवडली की तिसऱ्यांदा म्हणायला लावली.

नाटक सुटल्यावर अध्यक्ष जवळ आला. "मास्तर, पुढच्या सालीबी तुमीच या." मग माझ्याकडं वळला. "डबा बरा चालला बे तुहा."

"चालनारच," मी म्हणालो.

तो गेल्यावर मास्तर क्लॅरिनेटचे तुकडे सोडवून पुसत बसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "घरी एक पेटीभर चालीचे कागद हाय, वडलाच्या हातचे. बारीक अक्षर. दोन साल झाले, उघडले नाही. लग्नात आठवते तेवढंच वाजवतो. बाकीचं सुटून चाललं."

मी कंदिलाची वात खाली केली. त्यांनी काही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बत्त्यांच्या काचा धुवायच्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. अध्यक्षाचं दुकान उघडल्याबरोबर पतंगी कागदाचा गठ्ठा आणि दोन पेन्सिली घेतल्या, पायी देऊळघाटला गेलो, मास्तरांच्या ओट्यावर उन्हाची जागा पाहून बसलो आणि आत आवाज दिला, "काढा पेटी."