पहिली ओंजळ

कोणाच्या घरी गेलो आणि पाण्याआधी चहा पुढे आला की मी सावध होतो. आमच्या भागात दारात आलेल्याला आधी पाणी देतात, बाकीचं नंतर. चहात साखर, पत्ती, आलं टाकून काहीही दडपता येतं. पाण्याला तशी सोय नाही.

माझा धंदा विहिरी खोदण्याचा. मी मूळचा पारनेरच्या कोरड्या बाजूचा. आधी दुसऱ्यांच्या विहिरींवर दगडाच्या पाट्या उचलल्या, मग सुरुंगाची भोकं पाडली, मग टोळी जमवली आणि शेवटी स्वतःची क्रेन घेतली. कोणी हाताला धरून वर आणलं नाही, त्यामुळे कोणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही. श्रीरामपूरकडच्या बागायती पट्ट्यात येऊन घर केलं, ते एका नावावर. याच्या हाताला गोड पाणी लागतं, असं लोक म्हणायचे. भाव ठरवताना मी तेच पुढे करायचो. "दुसरा स्वस्तात खणून देईल, पण मचूळ पाणी लागलं तर माझ्याकडे रडत यायचं नाही," म्हटलं की समोरचा घासाघीस सोडायचा.

विहिरीला पाणी लागलं की मालक नारळ फोडतो, घरची बाई हळदकुंकू वाहते आणि पहिली ओंजळ खोदणारा सगळ्यांदेखत पितो. आमच्या शिवारातल्या एका ऊसवाल्याच्या विहिरीची पहिली ओंजळ मी अशीच प्यायलो होतो. त्यांना सगळे तात्या म्हणतात, मीही म्हणतो. दुसरी ओंजळ मागून घेतली होती, इतकं ते पाणी चांगलं.

दोन वर्षं गेली. मग एका गिऱ्हाइकाने पक्की झालेली बोलणी मोडली. कारण सांगेना. मी त्याला हॉटेलात गाठलं, भजी मागवली आणि खोदून विचारलं. शेवटी तो म्हणाला, "तात्याची हीर बघून आलो. पानी काळं पडलंय. तात्या म्हनतो, ठेकेदारानं परसाच्या लोभानं जास्त खाली नेली अन् नासका थर फोडला."

विहिरीची खोली आम्ही परसात मोजतो, म्हणजे उभ्या माणसाच्या मापात, आणि आमचा भावही परसावर असतो. जेवढं खोल तेवढं आमचं भलं. त्यामुळे हा आळ असा होता की तो कोणालाही पटावा. भजी तशीच टाकून मी उठलो.

तात्यांच्या ओट्यावर बसलो तर काकूंनी पाणी न विचारता चहाच आणला. मी कप खाली ठेवला.

"काकू, पाणी द्या आधी."

त्यांनी आत पाहिलं. आतून तात्याच तांब्या घेऊन आले आणि त्यांनी तो माझ्यापुढे आदळला.

"घ्या ठेकेदार. पैल्या दिशी मिटक्या मारत पिला हुता. आता प्या की."

तांब्यातलं पाणी बिनदुधाच्या चहासारखं होतं. वास नासक्या गुळाचा.

"आधी तुम्ही प्या, तात्या. विहीर तुमची."

"मी कशाला पिऊ? नासवली तुमी. मी बोंबलत हुतो, बास करा, बास करा."

"बास करा? तुम्हीच म्हणाला होता, अजून एक परस जाऊ द्या, उसाला कमी पडेल. तेव्हा लोभ कोणाचा होता?"

"आवाज खाली! हे माझं घर हाय."

"आणि हॉटेलात बसून माझी अब्रू काढता, ते काय माझं घर आहे?"

काकू मध्ये पडल्या म्हणून तेवढ्यावर राहिलं. पण बोलताना तात्या एकदाही माझ्याकडे सरळ बघत नव्हते, हे मी टिपलं. ज्याचं खरोखर नुकसान झालेलं असतं तो माणूस अंगावर येतो. हे सारखे शेताच्या मावळतीकडच्या टोकाला बघत होते.

मी क्रेन मागवली आणि विहिरीत उतरलो. वरून सगळं पाणी सारखंच काळं दिसतं. खाली झरे वेगवेगळे ओळखू येतात. या विहिरीला दोन झरे. वाद होता तो तळाचा, शेवटच्या परसात लागलेला. तिथे डबा धरला. पाणी स्वच्छ. म्हणजे ज्या खोलीवरून मला शिव्या बसत होत्या, तिथून आजही चांगलंच पाणी येत होतं. घाण येत होती वरच्या झऱ्यातून, मावळतीच्या अंगाने. तिथे मांजऱ्या खडकाचा पट्टा आहे. हा खडक मऊ आणि भोकाभोकाचा, पाणी त्यातून चाळणीसारखं वाहतं. त्या भोकांतून तपकिरी ओघळ उतरत होते आणि खाली फेस धरला होता.

वर आलो तो थेट मावळतीला चालू लागलो. तात्या मागून, "अहो, कुठं निघालात? तिकडं काय न्हाई," करत पळत आले. काय नाही म्हणतात तिथेच बघायचं असतं.

टोकाला त्यांची जुनी विहीर. ती कधीच आटलेली. नवी खोदताना मी सांगितलं होतं, निघालेला मुरूम या जुन्या विहिरीत टाकून ती बुजवून घ्या. तात्यांनी मुरूम रस्त्याच्या कामाला विकला. आता त्या विहिरीवर कोरे पत्रे टाकलेले, वर दगड ठेवलेले. भोवतालचं गवत करपलेलं. बांधाला मोठ्या चाकांच्या खुणा.

"आटलेल्या विहिरीला झाकण कशाला, तात्या?"

"पोरं पडतील म्हनून."

"पोरं तुमची पुण्याला. तिथून चालत येऊन पडणार का?"

मी दगड सारला, पत्रा उचलला. वासाने डोळ्यांना पाणी आलं. निम्मी विहीर काळ्या मळीने, साखर कारखान्याच्या दारूभट्टीतून निघणाऱ्या घाण पाण्याने, भरलेली, वर साय आल्यासारखी.

तात्या बांधावर बसले. "खत हाय ते," म्हणाले. "टँकरवाला म्हनला, फुकट देतो, साठवून ठेवा, थोडं थोडं पान्यात मिसळून उसाला सोडा. लई जोमदार येतो."

"फुकट? आत्तापर्यंत कोणी तुम्हाला फुकट तंबाखू तरी दिली का? टँकर कुठला होता?"

"नंबरावर चिखल हुता."

"पाऊस होता का?"

"न्हाई."

मागून काकू आल्या होत्या. त्या तात्यांना म्हणाल्या, "मी तवाच म्हनले हुते, फुकटाचं नको." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, त्यो चहा जारच्या पान्याचा हुता. प्यायचा हुता तुमी. हिरीचं आता गुरंबी तोंडाला लावत न्हाईत."

तात्या हळू आवाजात सौद्यावर आले. दोघांनीही गप्प बसावं, ते माझं नाव काढणार नाहीत, मी टँकरचं काढू नये. मी म्हटलं, असं नाही. ज्या हॉटेलात माझं नाव घालवलं, तिथेच बाजारच्या दिवशी सगळं सांगायचं. मी मळी उपसून देतो आणि विहीर बुजवतो, मजुरी घेणार नाही.

मळी उपसायचं कबूल केलं खरं, पण घरी गेल्यावर लक्षात आलं की ती टाकायची कुठे? ओढ्यात सोडली तर खालच्या गावाच्या पाण्यात जाणार. माळावर टाकली तर पावसाबरोबर मुरणार. जिथे बोट ठेवावं तिथे खाली कोणाचा तरी झरा. टँकरवाल्याचा फोन लागेना. सरकारी माणूस येऊन तपासणीसाठी मळीची बाटली भरून घेऊन गेला. त्या बाटलीचं पुढे काय झालं हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही, आणि का सांगितलं नाही याबद्दल माझे अंदाज आहेत. विहीर तशीच आहे. वर पत्रे आहेत.

तात्या हॉटेलात बोलले. पण काय बोलले? "पानी वरून नासलं, ठेकेदाराचा दोस न्हाई." टँकर कोणी बोलावला, हे चहाबरोबर गिळलं. त्यामुळे निम्मे लोक म्हणतात मी सुटलो आणि निम्मे म्हणतात आमचं दोघांचं काहीतरी ठरलं. गिऱ्हाइकं अजून आधी तात्यांच्या विहिरीत वाकून बघतात, मग माझ्याशी भाव करतात, आणि पूर्वी माझ्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती इतका पडता भाव करतात.

एक गोष्ट मी कोणाला बोललो नाही. माझी स्वतःची विहीर तात्यांच्या विहिरीच्या उगवतीला आहे. ही जागा मी घेतली ती हाच मांजऱ्याचा पट्टा इकडे येतो हे ओळखून. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. पट्टा अजून तोच आहे आणि त्याचा उतार माझ्याकडे आहे.

तात्या आता प्यायचं पाणी माझ्याकडून नेतात. जारवाल्यावर त्यांचा विश्वास उरलेला नाही. पाण्याला नाही म्हणायचं नसतं, म्हणून मी म्हणत नाही. पहिल्या दिवशी कॅन घेऊन आले, मी मोटार लावली, तर नळीखाली कॅन धरेनात.

"आधी तुमी प्या, ठेकेदार."

"माझ्याच दारात मला सांगता?"

"मागं तुमीच म्हनला हुता. ज्याची हीर त्यानं आधी प्यावं."

मी दोन शिव्या हासडल्या आणि ओंजळ भरून प्यायलो. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते, मी आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघत आलो तसे.

तेव्हापासून ते रोज येतात आणि मी रोज त्यांच्यादेखत पितो. त्यांना वाटतं मी त्यांच्यासाठी पितो. ते यायच्या आधी मी पांढऱ्या वाडग्यात पाणी घेऊन उन्हात धरलेलं असतं, हे त्यांना माहीत नाही.

आज त्यांनी कॅन भरता भरता विचारलं, "गोड हाय ना?"

"आज आहे," मी म्हटलं, आणि मोटार बंद केली.