आईचा सर्च

आमच्याकडे राहायला येणाऱ्या पाहुण्यांना मी चहाच्या आधी चार गोष्टी सांगते. पंख्याचं बटण इथे आहे, पाणी तिथे भरून ठेवलंय, मासे काय हवे ते सकाळीच सांगा आणि आमच्या आईसमोर 'सर्च' हा शब्द काढू नका. पहिल्या तिन्ही त्यांच्या लक्षात राहतात. चौथी मेली कुणाच्या लक्षात राहील तर शपथ! पण त्यांची तरी काय चूक? हातात फोन आला की तो शब्द तोंडातून गळतोच. "किती सर्च केलं तेव्हा तुमचं घर मिळालं." "तोंडवली टाकलं की सर्चमध्ये तुम्ही खाली येता हो, काकू." "अगं, सर्च मार ना, डॉल्फिन कुठे दिसतात ते." करायचं कामही सर्च आणि कामाचं नावही सर्च. मी पडवीतून डोळे वटारते, पण बघतंय कोण. आई मात्र हातातलं काम खाली ठेवते आणि त्या माणसाकडे एकटक बघत राहते. मग तो गोंधळतो, हसतो आणि जेवायला किती वाजता बसायचं ते विचारतो.

पूर्वी हा शब्द आमच्या घरात नव्हता. आमच्याकडे होतं ते सोदणं. कोंबडीने अंडं कुठे घातलं ते सोदायचं, सुटलेलं वासरू सोदायचं, जत्रेत हरवलेलं पोर सोदायचं. आणि सोदलेलं गावायचं, म्हणजे सापडायचं. मला वाटतं, आमच्या आईला हे दोन शब्द कधी वेगळे वाटलेच नाहीत. सोदलं की गावतं, उशीर लागेल तेवढाच.

सर्च घरात आला तो माझ्या भावाची होडी परत आली त्या दिवशी. होडी आली, दादा नाही आला.

हंगामाचे शेवटचे दिवस होते, होड्या वर ओढायची बोलणी चालली होती. दादाच्या जोडीदाराला ताप होता, म्हणून हा एकटाच आदल्या दिवशी टाकलेलं जाळं काढायला गेला. समुद्र काही खवळलेला वगैरे नव्हता. उगाच गोष्टीत असतं तसं वादळबिदळ मी सांगणार नाही. शेजारच्या तळाशिलच्या लोकांना होडी दिसली तेव्हा जाळं अर्धं आत ओढलेलं होतं, अर्धं पाण्यात. आत आलेल्या अर्ध्यात बांगडे अजून उडत होते. म्हणजे तो आत्ता, अगदी आत्ता तिथे होता. मला आजही दादाचा चेहरा पटकन आठवत नाही, पण ते उडणारे बांगडे आठवतात. ते मी डोळ्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत, नुसते ऐकलेत.

दुपारी साहेब लोक आले. बोट आली, किनाऱ्यावर माणसं फिरायला लागली. त्यातले एक साहेब आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात आले आणि आईला म्हणाले, "मावशी, काळजी करू नका. सर्च सुरू केलाय."

आईने माझ्याकडे पाहिलं. "सर्च म्हणजे काय गो?"

"सोदतत, आये."

"मगे सोदतत म्हणान सांग ना."

"तां मोठां सोदणां. सरकारी. बोटी, दुर्बिणी, सगळां घेवन."

एवढं ऐकून ती जरा सावरली. मोठं सोदणं, म्हणजे मोठं गावणं. तेव्हापासून ती येईल त्याला सांगायला लागली, "सर्च सुरू आसा." शेजारणी आल्या की "सर्च चललो हा," आणि बोटीवरची माणसं किनाऱ्याला लागली की "सर्च करून दमलात बाबांनो, चाय घेवा." त्या दिवसांत आमच्या चुलीवरचं चहाचं भांडं उतरलंच नाही. वाडीतल्या लहान पोरांच्या तोंडातसुद्धा तो शब्द बसला. आणि खोटं कशाला सांगू, मलाही त्याचा आधार वाटत होता. इंग्रजी शब्द आहे, त्याच्यामागे काहीतरी मोठं यंत्र असेल, ते एकदा लागलं की फुकट जाणार नाही, असं वाटत होतं.

मग एका संध्याकाळी तेच साहेब परत आले. चांगला माणूस होता, टोपी काढून उभा राहिला. "मावशी, आम्ही सर्च बंद करतोय."

"गावलो?" आई उठलीच.

"नाही."

"मगे बंद कसो?"

 साहेबांनी त्यांच्याकडून सगळं केलं होतं, मला दिसत होतं. पण आई तिथेच दारात उभी राहून म्हणाली, "तुमचो बंद झालो तर होवंदे. माझो चालू आसा."

दुसऱ्या सकाळी चहा पिऊन कप धुतला, निऱ्या वर खोचल्या आणि निघाली. मी विचारलं, खंय? म्हणाली, "सर्चीक." जशी बाजारात जावी तशी.

आमचं घर म्हणजे पुढे दर्या, मागे खाडी, मधे वाळूची पट्टी आणि सुरूची झाडं. भरतीने आणून टाकलेल्या कचऱ्याची एक रेघ पडते ना, त्या रेघेवरून आई चालत जायची ती थेट खाडीच्या तोंडापर्यंत. प्रत्येक ढिगापाशी थांबायची. काठीने नाही, पायाच्या अंगठ्याने हळूच उलटायची, झोपलेल्या पोराची चादर सरकवावी तसं. एक-दोनदा मी तिच्याबरोबर गेले, मग मला झेपेना. लांबून दिसणारी प्रत्येक ओली काळी वस्तू तोच आहे असं वाटायचं. एकदा एक पाहुणा दादासारखाच निळा शर्ट घालून पाठमोरा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. मी तिथेच वाळूत बसले. पाहुणा मागे वळून म्हणतो, "काकू, पाणी मस्त आहे, या ना!" शिरा पडो मेल्याच्या तोंडार.

पावसातही ती जायची, डोक्यावर इरलं घेऊन. वर्षं गेली. वाडी पहिल्यांदा हळहळली, मग सवयीची झाली, मग चेष्टाही करायला लागली. कुणाची बकरी सुटली की, "सर्चीक सांग म्हातारेक, जातेलीच आसा." मी ऐकलं की भांडायला उठायची. आई म्हणायची, "गप ऱ्हव. हसतत तर हसंदे. बकरी गावली तर सांगान तेंका."

पण या सगळ्यात खरी लटकली होती ती वयनी, दादाची बायको.

वयनी आंबोलीची. पावसाची सवय असलेली, दर्याची नाही. लग्न होऊन आली तेव्हा लाटांच्या आवाजाने तिला झोप यायची नाही. दादा गेला तेव्हा जेमतेम संसार मांडला होता, मूलबाळ नव्हतं. ती मला म्हणाली होती, "वन्स, आमच्याकडे माणूस रानात हरवता. पण रान खंयतरी संपता तरी." त्यानंतर ती त्याविषयी बोललीच नाही. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळावर कुंकू होतं. पण हळदीकुंकवाला बायका तिच्या दाराशी येऊन अडखळायच्या, हिला बोलवावं की नाही? कुणी बोलवायचं, कुणी नजर चुकवून पुढे जायचं. बोलावलं तर ती जायची नाही, नाही बोलावलं तर दिवसभर विहिरीवर भांडी घासत बसायची. दादाचा एक शर्ट होता, तो ती धुऊन वाळत घालायची. दोरीवर पुरुषाचा शर्ट बघून पाहुणे विचारायचे, "दादा दिसले नाहीत कुठे?" ती म्हणायची, "कामाक गेलेत." न घातलेला शर्ट धुऊन धुऊन पार विरला.

नातेवाईक म्हणायचे, क्रिया करून टाका. अंग सापडलं नाही तर दर्भाचा माणूस करतात आणि त्यालाच अग्नी देतात, तशी रीत आहे. आई म्हणायची, "माझो सर्च चालू आसताना तुम्ही गवताक आग लावतात? माझो झील गवताचो न्हय." विषय तिथेच संपायचा. वयनी आतून ऐकायची. मीही आईच्याच बाजूने होते, कारण तिच्याविरुद्ध बोलायची माझी छाती नव्हती.

मग आमचा पाण्याचा पंप बिघडला. दुरुस्तीला जामसंड्याचा एक माणूस आला. बायको वारलेली, एक मुलगी शाळेत जाणारी, स्वतःचं दुकान. पंप एका दिवसात झाला, पण तो नंतरही दोन-चारदा येऊन गेला. पंपाला काही झालेलं नव्हतं. मला डोळे आहेत. मी त्याला सरळ विचारलं, "काय रे बाबा, काय मनात आसा?" तो खाली बघून म्हणाला, "त्यांका विचारा. त्यांची हरकत नसली तर. नायतर मी परत येवचंय नाय."

मी वयनीला विहिरीवर गाठलं. सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण ती रागावली नाही. बादली तशीच हातात धरून म्हणाली, "मनात नाय असा नाय वन्स. पण मी कोण आसय, तां माका कोणीतरी सांगा. घोव मेलो म्हणान सांगा, मी रडान मोकळी होतंय. घोव जिवंत आसा म्हणान सांगा, मी वाट बघतंय. ह्या मधला माका आता जमना नाय." मग तिने बादली विहिरीत सोडली आणि म्हणाली, "आयेक ह्यातला काय सांगू नको. तिचो जीव जायत."

माडापलीकडे आई झावळं गोळा करत होती. तिने ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

चार-पाच दिवस तसेच गेले. मग एक दिवस आई सकाळी नेहमीसारखी गेली आणि लवकरच परत आली. कमरेपर्यंत भिजलेली. हातात काही नाही. पायरी चढली नाही, खळ्यातच उभी राहिली आणि हाक मारली, "गो, भायर ये."

वयनी तांदूळ निवडता निवडता बाहेर आली. मीही मागून आले.

आई म्हणाली, "गावलो."

 वयनी हातातलं सूप घेऊन पायरीपर्यंत आली. "खंय?"

"खाडीच्या तोंडार. मी ओळखलंय. दर्याचो झाललो, दर्याकच परत दिलंय." आणि मग सरळ माझ्याकडे वळून म्हणाली, "पाणी तापव. सगळ्यांका आंघोळी करूक व्हयी."

इतक्या वर्षांनी दर्या काही देत नाही, हे तोंडवलीच्या पोरालाही ठाऊक आहे. मला त्या क्षणीच कळलं की ती खोटं बोलतेय. वयनीलाही कळलं. तिने सूप खाली ठेवलं, खळ्यात उतरली आणि आईच्या ओल्या कमरेला मिठी मारून जो हंबरडा फोडला, तो एवढ्या वर्षांत आम्ही कधी ऐकला नव्हता. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "रड, रड. आता रड." मला आधी रागच आला. देवाधर्माच्या गोष्टीत असं खोटं बोलतात? मग माझं लक्ष आईच्या पायांकडे गेलं. लुगड्याचं पाणी अजून त्यांच्यावरून ओघळत होतं. मी चुलीत जाळ घातला आणि पाणी चढवलं.

वाडीतली माणसं जमली. चेष्टा करणारेही आले, मान खाली घालून बसले. कुणी एक शब्द विचारला नाही, त्याबद्दल त्यांचे उपकार मी विसरणार नाही. दर्भाचा माणूस केला. त्याला पहिलं पाणी आईने आपल्या हाताने पाजलं. वयनीने कुंकू पुसलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते आता एका जागेवर बसलेलं दुःख होतं. त्या रात्री ती शांत झोपली, मला घोरणं ऐकू आलं.

पुढच्या महिन्यांत आई किनाऱ्यावर एकदाही गेली नाही. दर्याकडे पाठ करून चुलीपाशी बसायची. पाहुणे हवं तेवढं सर्च सर्च करोत, ती मान वर करत नव्हती. मला वाटलं, सुटली बाई एकदाची. खोटं बोलता बोलता स्वतःलाही पटलं असेल. असतं तसं माणसाचं.

जामसंडेकराशी वयनीचं लग्न लागलं, देवळात, मोजक्या माणसांत. निघताना ती आमच्याच दारातून निघाली. आईने तिची ओटी भरली, त्या छोट्या मुलीच्या हातात खाऊ दिला आणि जावयाला करतात तसं त्याला पान-नारळ दिलं. वयनी गाडीत बसेना. आईने तिला अक्षरशः ढकललं. "जा गो बाये. मागे बघू नको." गाडी सुरूच्या झाडांमागे वळेपर्यंत आई हात हलवत उभी होती.

मी आत जाऊन कप गोळा केले. बाहेर आले तर ती पायरी उतरत होती, निऱ्या वर खोचलेल्या.

"आये, खंय चललंस?"

"सर्चीक."

 मी धावत जाऊन तिचा दंड धरला. "तो गावलो ना, आये? तूच सांगलंस. पाणी दिलंस तेका."

तिने माझा हात सोडवला, रागाने नाही, मला एवढंही कळू नये याचं नवल वाटल्यासारखा.

"तां तिका सांगलंय," ती म्हणाली. "तिचो गावलो. माझो खंय गावलो हा?"

आणि ती वाळूत उतरली.