वाळवीसाठी पुस्तक

वाचनालयाच्या बालविभागातल्या ग्रंथपाल सगळ्या मुलांच्या ताई. आठ वर्षांच्या एका मुलीला त्या लाडाने ‘वाळवी’ म्हणायच्या, कारण ती कपाटंच्या कपाटं फस्त करत सुटली होती. एकदा ती मोठ्यांच्या विभागातली युद्धावरची जाडजूड कादंबरी उराशी धरून आली. मागे तिचे बाबा, कौतुकाने फुललेले.

“हिला सगळं वाचता येतं,” ते म्हणाले.

“वाचता येतं हो, पण झेपायलाही हवं. ही कादंबरी वाचून माझ्यासारखीला घास गिळवेना.”

वाळवीचं नाक फुगलं. “मग काय, पुन्हा सशाच्या गोष्टी?”

“छे! तुला आता ससे पुरणार नाहीत.”

ताई मुलांना काहीतरी हातात देऊन वाटेला लावत नसत. बालविभागात येणारं प्रत्येक पुस्तक त्या आधी स्वतः वाचायच्या. त्यांनी तितकंच जाड पुस्तक काढलं. एका मुलीची आणि तिच्या म्हाताऱ्या कुत्र्याची गोष्ट होती ती.

पुढच्या आठवड्यात वाळवी आली ती डोळे सुजवून. “कुत्रा मरतो हे तुम्हाला माहीत होतं?”

“होतं. म्हणून तर तुझी वाट बघत होते.”

ताईंनी हातातलं काम बाजूला सारलं. वाळवी आधी भांडली, मग रडली, मग त्या कुत्र्याबद्दल इतकं बोलली की बाबा दारात ताटकळले. शेवटी नाक पुसत तिने विचारलं, “असंच रडवणारं आणखी आहे?”

“आहे ना. पण आधी एक पोट धरून हसवणारं घेऊन जा.”