पाठीवर उमटलेली वीज

मी तेव्हा नागपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. सक्करदऱ्याला भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही नवराबायको राहायचो. वैशाखातल्या एका दुपारी आभाळ भरून आलं, तशी बायको तारेवरचे कपडे काढायला अंगणात गेली. मी दारातच उभा होतो. एकदम सगळं पांढरं झालं आणि कान बधिर झाले. पाहतो तर अंगणातल्या कडुलिंबाची साल उभी सोलून निघालेली आणि बायको खाली पडलेली.

"अहो, माझे पाय कुठं गेले?" ती म्हणाली. "मले पायच समजून नाही राहिले."

पाय निळसर, गार पडले होते. तिला उचलून आत आणलं. शेजारच्या काकू धावत आल्या. पातळ बदलताना त्या ओरडल्या, "सर, इकडं या! देवीनं हिच्या पाठीवर झाड काढलं!"

खांद्यापासून कमरेपर्यंत लालसर फांद्या, त्यांना केसासारखे बारीक फाटे. ते काय आहे हे मला लगेच कळलं, म्हणूनच मी जास्त घाबरलो. कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीत फोटोचा मसाला लावलेल्या काचेवर ठिणगी सोडली की असंच चित्र उमटायचं. मुलांना मी हौसेनं सांगायचो, ठिणगी पुढची हवा फाडत जाते, तिला एकदम अनेक वाटा फुटतात. एखादीच पार पोचते, बाकीच्या मध्येच विझतात. हिच्या अंगावर आलेली वाट कुठवर पोचली होती? काळजापर्यंत?

सायकलरिक्षातून दवाखाना गाठेपर्यंत मी तिची नाडी सोडली नाही.

डॉक्टर म्हणाले, "हृदय ठीक आहे. पायांचं मात्र आत्ताच सांगता येणार नाही."

मी खाटेशी बसून राहिलो.

"काहून रडून राहिले तुम्ही?" तिनं विचारलं. मी रडतोय हे मला ठाऊकच नव्हतं.

दिवेलागणीला तिच्या डाव्या पायाचा अंगठा हलला. मग हळूहळू दोन्ही पायांत मुंग्या आल्या, आणि सकाळी ती भिंत धरून उभी राहिली.

घरी आल्यावर तिनं पाठीमागे आरसा धरायला लावला. नक्षी फिकी पडत चालली होती. "गोंदल्यावानी दिसते," म्हणून ती हसली. मला हसू येईना. आरसा धरून मी एकेक फाटा कुठं विझलाय ते बघत राहिलो.